नऊ मीटरचा वाद

दोनशे घरांची वस्ती नव्याने वसवायची म्हटलं की कागदावर पहिली रेघ घराची नव्हे, रस्त्याची पडते. घर पुढे वाढवता येतं, पाडता येतं, विकता येतं. रस्ता एकदा पडला की पिढ्यानपिढ्या हलत नाही. तरीही ग्रामसभेत घर किती फुटांचं यावर दुपारभर भांडण चालतं आणि रस्त्याच्या रुंदीला कुणी हरकत घेत नाही. रुंद रस्ता कुणाला नको असतो?

खालचा संवाद कल्पित आहे. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, भाची पुण्यात नगररचना शिकून आलेली. पुढ्यात मराठवाड्यातल्या एका गावाच्या गावठाणवाढीचा कच्चा नकाशा. दोनशे भूखंड, उभे चार रस्ते अडीचशे मीटर लांबीचे, त्यांना छेदणारे आडवे तीन, सगळे नऊ मीटर रुंद. ही दोघं आणि हा नकाशा माझ्या मनातला आहे. त्यांच्या बोलण्यात नावानिशी येणारी गावं, तारखा आणि सरकारी आकडे मात्र खरे आहेत.

मामा : बघ, कसा स्वच्छ नकाशा आहे. आंधळ्यालाही घर सापडेल.

भाची : आंधळा गाडी चालवत नाही, मामा. तुमचा नकाशा गाडीवाल्यासाठी आहे.

मामा : गाडीवाला म्हणजे कोण गं? त्या गावात आज घरटी मोटारसायकल आहे. ट्रॅक्टर आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत. रात्री बाळंतीण अडली की 108 नंबरची गाडी दारात यावी असं तुला वाटत नाही का? पुस्तकातलं खेडं आणि आपलं खेडं यांत फरक असतो.

भाची : गाडी यावी, पण ती दिवसाकाठी किती वेळा येणार? आणि त्याच रस्त्यावरून पोरं, बाया, म्हातारी माणसं किती वेळा जाणार?

मामा : मी सांगतो तुला मोजमाप. किल्लारीनंतर मी तिकडच्या कामावर होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. ते सगळं माणसांवर आलं आणि उरलेलं बोळात आलं. बोळ केवढा? बैलाने अंग चोरावं एवढा. ढिगाऱ्याखालून आवाज यायचा आणि यंत्र काही आत जायचं नाही. ज्याने ते ऐकलंय त्याला तू अरुंद गल्लीचं सौंदर्य सांगू नकोस.

भाची : (थोडं थांबून) सौंदर्य नाही सांगत. पण माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. शिक्षा बोळाला झाली.

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे नव्या घरांच्या भिंती सुधारल्या, काँक्रीटचे पट्टे आले, छत हलकं झालं. मग घर बोळात कोसळण्याची भीतीच कमी झाली. तरी रस्ता जुन्या भीतीच्या मापाने आखला. 52 गावं मूळ जागेवरून हलवली, आणि बहुतेक ठिकाणी नकाशा असाच, काटकोनातला. गाव होतं त्याच्या कितीतरी पट जागेवर पसरलं. शेजारीण हाकेच्या अंतरावर होती, ती रस्त्यापलीकडे गेली. ज्या वाटेवरून म्हातारी देवळात जायची त्या वाटेवर आता एक झाड नाही, की टेकायला ओटा नाही.

मामा : झाडं लावायला कुणी अडवलं होतं?

भाची : कुणीच नाही. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नव्हे, एवढंच झालं.

हा मुद्दा मामांना लागला असावा, कारण त्यांनी विषय बदलला. मला तो विषय या सगळ्या वादातला सर्वांत जड भाग वाटतो, म्हणून तो सविस्तर देतो.

मामा : तुम्हा शिकलेल्या लोकांचं एक बरं असतं. जुन्या गावच्या गल्ल्या वळणाच्या, सावलीच्या, माणसांना जवळ आणणाऱ्या. कुणाला जवळ आणणाऱ्या? पाटलाच्या आळीला ब्राह्मण आळी जवळ होती. महारवाडा वेशीच्या बाहेर, मांगवाडा त्याच्याही पलीकडे. तुझ्या त्या सावलीच्या बोळात काही जणांना पाय टाकायची सोय नव्हती. पाणवठा वेगळा, स्मशान वेगळं, वाट वेगळी. तो नकाशा आपोआप नाही झालेला, बाई. कुणीतरी कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी काढलेला तो नकाशा आहे. त्यावर पट्टी ठेवून मी सरळ रेघ मारली तर माझं काय चुकलं?

भाची : रेघ मारलीत हे चुकलं नाही. रेघेने काम झालं असं मानलंत, ते चुकलं. किल्लारीत घरं कशी वाटली?

मामा : जमिनीवरून. एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा आणि भूमिहीन, त्याला 250 चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सातच्या वर असेल त्याला 750.

भाची : आणि एका मापाची घरं एका जागी लागली की भूमिहीनांची रांग वेगळी, बागायतदारांची वेगळी. भूमिहीन कोण, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत होतं का? वेस गेली आणि रांग आली. तुमच्या रस्त्याला जात नसेल, मामा. वाटपाला असते.

मामा : मग चिठ्ठ्या टाकायच्या?

भाची : टाकायच्या की. किंवा एकेका गल्लीत तिन्ही मापांची घरं मुद्दाम मिसळायची. आणि शाळा, नळकोंडाळं, रेशनचं दुकान अशा ठिकाणी ठेवायचं की दक्षिणेकडच्या गल्लीतल्या पोरीला उत्तरेच्या गल्लीतून जावंच लागेल, आणि उत्तरेच्या पोराला दक्षिणेच्या. कुणाच्या दारावरून कुणी जायचं, हे ठरवणं म्हणजे रस्ता आखणं.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावलं, ते नगररचनेच्या वर्गात शिकवलं जात नसेल तर शिकवायला हवं. जुनं गावठाण हा सामाजिक दस्तऐवज आहे आणि त्यातला बराच मजकूर पुसण्याच्या लायकीचा आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, चांगलं झालं. पण पाटी जिथे लावली ती गल्ली गावाच्या कुठल्या टोकाला आहे, हे पाटीने बदलत नाही. नवं गावठाण आखताना मात्र ते बदलता येतं, आणि ही संधी गावाला शंभर वर्षांत एखाद्याच वेळी मिळते. भाचीचं म्हणणं मला इथे पूर्ण पटतं. मामांचा रागही पटतो. रुंद सरळ रस्त्याकडे ज्याने सुटका म्हणून पाहिलं, त्याला मागास म्हणायची माझी तयारी नाही.

मामा : बरं, वाटप तुझ्या म्हणण्याप्रमाणे करू. रुंदीवर ये. नऊ मीटर तुला का खुपतात?

भाची : हिशेब घ्या. चार उभे रस्ते, अडीचशे मीटरचे, म्हणजे एक किलोमीटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर दर्शनी रुंदीचे भूखंड, म्हणजे दोनशे. बरोबर? आता कडेचे दोन उभे रस्ते नऊचेच ठेवा. दोन्ही टोकांचे आणि मधला आडवा रस्ताही नऊचा ठेवा. कडं पूर्ण झालं. मधले दोन उभे रस्ते साडेचारचे करा. पाचशे मीटर गुणिले साडेचार, म्हणजे सव्वादोन हजार चौरस मीटर. बावीस गुंठे वाचले.

मामा : बावीस गुंठ्यांत काय होतं?

भाची : शाळेचं मैदान होतं. आणि मधल्या गल्लीतलं कुठलंही दार रुंद रस्त्यापासून साठ-पासष्ट मीटरच्या आत राहतं. तुमची 108 तिथवर काय, साडेचारच्या गल्लीतही जाते. फक्त समोरून ट्रॉली आली तर एकाला मागे घ्यावं लागतं.

मामा : आणि आगीचा बंब? त्याला वळायला नऊ मीटरची त्रिज्या लागते.

भाची : म्हणून तर कडं ठेवलंय. बंब कड्यावर उभा राहील, पाइप आत जाईल.

मामा : हं. कागदावर जमतंय. आता माझं ऐक. तू साडेचार ठेवतेस. पहिल्या वर्षी कुणीतरी पायरी बाहेर काढणार. दुसऱ्या वर्षी ओटा, मग न्हाणीचा चर, मग म्हशीचा खुंटा. दहा वर्षांनी तुझी गल्ली अडीच मीटरची. मी नऊ देतो ते नऊ राहावेत म्हणून नाही. खाऊन पिऊन सहा तरी उरावेत म्हणून देतो. चाळीस वर्षांच्या नोकरीचं शहाणपण आहे हे.

याला उत्तर सोपं नाही. ग्रामपंचायतीला अतिक्रमण काढण्याचा अधिकार कायद्याने आहे, पण सरपंचाने चुलत्याचा ओटा तोडल्याचं उदाहरण कुणाच्या ऐकण्यात असेल तर त्याने जरूर कळवावं. भाचीनेही कायद्याचा आधार घेतला नाही, हे मला आवडलं.

भाची : ओटा येणारच. मग तो आधीच देऊन टाका. भूखंडाच्या दर्शनी बाजूला एक मीटरची पट्टी मालकाच्या नावावर, ओट्यासाठी आणि झाडासाठी. त्यापुढे गटार, उघडं नको, पण झाकण उचलता येईल असं. गटारावर ओटा बांधला की पाणी पहिल्यांदा त्याच्याच घरात शिरतं. शेजारी तक्रार करण्याआधी तो स्वतःच तोडतो.

मामा : (हसून) हे बांधकाम खात्याला सुचायला हवं होतं.

भाची : आणि नऊ मीटर ठेवले म्हणून अतिक्रमण होत नाही असं थोडंच आहे? उलट मोकळी जागा दिसली की कडबा तिथे, ट्रॉली तिथे, वाळूचा ढीग तिथे. तुमच्या सहातले तीनच चालायला उरतात, आणि तेही उन्हात.

मामा : ऊन काय, आम्ही उन्हातच वाढलो.

भाची : किल्लारी साधारण अठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा कुठलीच गल्ली सावली देत नाही. पण सकाळी सव्वानऊच्या सुमाराला तो साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो. तीन मीटर उंच भिंतीची सावली तीन मीटर पडते. गल्ली दक्षिणोत्तर आणि साडेचारची असेल तर दोन-तृतीयांश गल्ली सावलीत. नऊची असेल तर एक-तृतीयांश. दुपारी साडेतीनला पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूने. म्हणून मधल्या दोन गल्ल्या दक्षिणोत्तर हव्यात. आणि तुमचे काळ्या डांबराचे नाहीतर पांढऱ्या सिमेंटचे नऊ मीटर दिवसभर तापतात, ते रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत.

मामा : डांबर कुठलं आता. सगळीकडे सिमेंट. पंचवीस-पंधरातून.

हा ‘पंचवीस-पंधरा’ शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. 2515 हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात, म्हणून निधीचंच नाव पंचवीस-पंधरा पडलं. महाराष्ट्रातल्या खेड्यांच्या गल्ल्यांचा आजचा चेहरामोहरा कुणी घडवला, असं विचारलं तर उत्तर कुठल्याही नगररचनाकाराचं नाव नाही. हे चार आकडे आहेत. आणि या विषयात मामा भाचीपेक्षा कितीतरी पुढे आहेत.

मामा : मी तुला खरं दुखणं सांगतो. रुंदीबिंदी राहू दे. दुखणं पाण्याचं आहे. दर पाच वर्षांनी निधी येतो. जुना रस्ता खोदून नवा करायचा तर खर्च वाढतो, म्हणून त्याच्यावरच थर चढतो. सहा इंच, पुन्हा सहा इंच. रस्ता वर, उंबरठा खाली. पहिल्या जोराच्या पावसात पाणी चुलीपर्यंत. माणूस उंबरठा उचलतो, मग चौकट बुटकी होते, मग घरच पाडतो. रस्त्याने घरं पाडलेली मी पाहिली आहेत, भूकंपाशिवाय.

भाची : मग रस्ता घराच्या जोत्यापेक्षा खाली राहील, अशी पातळी नकाशावरच लिहून ठेवायची. जोत्यापासून फूटभर खाली, त्यावर चढायचं नाही. ग्रामसभेचा ठराव करून.

मामा : लिही. ठेकेदार वाचतो का ते बघू. पण लिही. आणि दुसरं, या नकाशात हा ओढा बघ. तिसरा उभा रस्ता त्याच्यावरून सरळ गेलाय. ही चूक कुणाची ते मला माहीत आहे, माझ्यासारख्याच कुणाचीतरी.

भाची : तुम्हीच म्हणालात स्वच्छ नकाशा.

मामा : नकाशा स्वच्छ आहे, जमीन नाही. माळीण बघ. 30 जुलै 2014 ला दरड आली, गाव गेलं. नवं गाव बांधलं, एप्रिल 2017 मध्ये लोकांच्या ताब्यात दिलं. त्याच जूनच्या पावसात रस्त्यांना भेगा, भराव खचला, गटारं फुटली. डोंगरउतारावर सपाट रस्ते काढायचे म्हणजे एका बाजूला खोदायचं आणि दुसऱ्या बाजूला भरायचं. भरलेली माती बसायला वेळ लागतो, आणि पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. आपल्याकडे डोंगर नाही, पण काळी माती आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर ओढ्याच्या पात्रात सिमेंट टाकलंस तर तिसऱ्या वर्षी फरशी उचकटलेली बघशील.

भाची : म्हणजे रस्ता वाकवायचा?

मामा : वाकवायचा नाही, तोडायचा. तिसरा रस्ता ओढ्याच्या काठावर संपव आणि मधल्या आडव्याला जोड. वाहनांचा प्रश्न नाही, पायी जायला फरशी टाकू. आणि तुझे ते वाचलेले बावीस गुंठे ओढ्याच्या दोन्ही काठांना घे. पाऊस पन्नास मिलिमीटर झाला तर तेवढ्या जागेतून किती पाणी येतं, कर हिशेब.

भाची : सव्वादोन हजार चौरस मीटर, पन्नास मिलिमीटर... एक लाख बारा हजार लिटर. दहा हजारांचे अकरा टँकर.

मामा : सिमेंट असतं तर ते सगळं वाहून गेलं असतं आणि मेमध्ये हेच गाव टँकरसाठी तहसीलदाराकडे अर्ज करत बसलं असतं.

भाची : मामा, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय.

मामा : मी पाण्याच्या बाजूने बोलतोय. आणि चौकाचं काय केलंस? इथे तर सगळे रस्ते आरपार जातात.

भाची : जमेल तिथे तिठे करते. दोन रस्ते आरपार छेदले तर वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदण्याच्या, मिळण्याच्या आणि फुटण्याच्या 32 जागा होतात. तिठ्यावर फक्त 9. शिवाय समोर भिंत दिसली की मोटारसायकलवाला आपोआप वेग कमी करतो. गतिरोधक लागत नाही.

मामा : आणि पोळ्याची मिरवणूक? बैल वेशीतून मारुतीपर्यंत सरळ यावे लागतात. लग्नाची वरात? प्रेत न्यायची वाट? त्या वाटेवर कुणाचं तरी शेत येतं आणि दरवेळी भांडण होतं. ती वाट नकाशात कुठे आहे?

भाचीच्या नकाशात ती नव्हती. नगररचनेच्या अभ्यासक्रमात वाहतुकीचे तास मोजायला शिकवतात, वर्षातून एकदाच लागणारी वाट मोजायला नाही. तिने पेन्सिलने बाजूला लिहून घेतलं, एवढं तिच्या बाजूने.

पट्टीऐवजी पायांनी नकाशा काढणारा एक नगररचनाकार इथे होऊन गेला आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले आणि पुढे वर्षानुवर्षं इथल्या शहरांचे अहवाल लिहीत राहिले. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख होते. गजबजलेल्या जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता कापून काढायच्या बेतांना त्यांनी ठिकठिकाणी विरोध केला. त्यांची रीत वेगळी होती. आधी प्रत्येक गल्लीतून स्वतः चालायचं, मोडकळीला आलेली मोजकी घरं हेरायची, तेवढीच काढून जागा मोकळी करायची, तिथे झाड लावायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. अनेकदा हे स्वस्तही पडतं, असा त्यांचा दावा होता. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपले नकाशे अजून पट्टीनेच निघतात. कारण उघड आहे. चालायला दिवस लागतात, पट्टीला मिनिट. आणि अंदाजपत्रकात चालण्यासाठी रकाना नसतो.

माझं मत विचाराल तर ते असं. लहान वस्तीत एकच कडं रुंद असावं आणि ते काहीही झालं तरी मोकळं राहावं. इथे मी मामांच्या बाजूचा. इर्शाळवाडीला जुलै 2023 मध्ये दरड कोसळली तेव्हा गाडीरस्ता नसल्याने बचावपथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं, हे विसरून चालणार नाही. पण कड्याच्या आतली प्रत्येक गल्ली रुंद करणं हा निधी खर्च करण्याचा मार्ग आहे, गाव वसवण्याचा नाही. आत माणसांची गल्ली हवी, जोत्यापेक्षा खाली, पाण्याच्या कलाने, आणि तिच्यात कुणाशेजारी कुणाचं घर येणार हे जमिनीच्या उताऱ्यावरून नव्हे तर चिठ्ठीने ठरलेलं. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे. ती मान्य होत नसेल तर रस्ता तीन मीटरचा करा की तीसचा, जुनंच गाव नव्या जागेवर उभं राहील.

आणि ज्यांच्या गावात गावठाणवाढीचा किंवा पुनर्वसनाचा नकाशा येऊ घातला आहे, त्यांना एक विनंती. ग्रामसभेत नकाशा भिंतीवर टांगून हात वर करायला सांगतील, तेव्हा लगेच हात वर करू नका. आधी जमिनीवर प्रत्येक रस्त्याची फक्की मारून मागा. खर्च चार-दोन पोती चुन्याचा आहे. मग एखादी म्हातारी, शाळेत जाणारी पोरगी, पाण्याची घागर घेतलेली बाई आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर यांना त्या रेघांवरून एकदा नेऊन आणा, जमलं तर पाऊस पडून गेल्यावर. सही त्यानंतर करा.